वही देणार नाही

एस्तेर भांबळ पहिल्यांदा लायब्ररीत आली तेव्हा तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मी ख्रिस्ती प्रचारक आहे. कॉलेजच्या मुलांना येशूविषयी सांगते. प्राचार्यांना सांगूनच आले आहे. तुम्हालाही सांगून ठेवते, मागाहून कळायला नको."

मी म्हटलं, "मी रवळनाथाची आहे, आमच्या ग्रामदेवाची. माझ्याकडे काही चालायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग पाणी तरी मिळेल का?"

हे ब्याऐंशी सालचं. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज नुकतं उघडलं होतं. आमचं कॉलेज मालवणहून बसने अर्ध्या तासावर, सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर. सगळीकडे काळपट जांभा, उतारावर काजू, खाली भातशेती. फाटकाला लागून एस.टी.चा थांबा. लायब्ररी म्हणजे दोन खोल्या, सहा कपाटं आणि मी, सुनीती. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, पुढे नोकरी करता करता ग्रंथालयाची परीक्षा दिली. लिहिण्याची सवय नाही. पण एस्तेरबाईंबद्दल आमच्याकडे इतकं उलटसुलट बोललं गेलं की जे डोळ्यांनी पाहिलं ते कोणीतरी लिहून ठेवावं असं वाटतं.

ती नगर जिल्ह्यातली, प्रोटेस्टंट. तेव्हा तिशी ओलांडलेली, लग्न न केलेली. सुती साडी, खांद्याला झोळी, झोळीत भाकरी आणि दाण्याची चटणी. कॉलेजांमधून काम करणारी त्यांची एक मंडळी होती, तिने हिला आमच्या नव्या जिल्ह्यात पाठवलेलं. सोमवारी कुडाळ, मंगळवारी कणकवली, बुधवार-गुरुवार आम्ही, शुक्रवारी तळेऱ्याला गाडी बदलून देवगड. एस.टी.चा पास साडीच्या पिनेसारखा कायम अंगाशी. कंडक्टर तिला ओळखत आणि तिच्याकडून मुलांच्या अर्जांचं इंग्रजी तपासून घेत.

मालवणात ती सांतानमायकडे खोली घेऊन राहायची. सांतानमाय म्हणजे तिथली म्हातारी कॅथलिक बाई, रोज चर्चला जाणारी. तिची तक्रार अशी की हिच्या खोलीत मरियेची तसबीर नाही, ही क्रूसाची खूण करत नाही. "ही खंयची गो किरिस्तांव?" असं ती मासळीबाजारात लोकांनाच विचारायची. हिंदू तिला पाद्रीण म्हणत, किरिस्तांव म्हणत ही आमच्यातली नव्हे, आणि बांगड्याचे काटे काढता येत नाहीत म्हणून दोघेही तिला घाटी म्हणत. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "एका गोष्टीवर तरी तुमचं सगळ्यांचं एकमत आहे."

प्राचार्यांनी तिला इंग्रजी शिकवायला परवानगी दिली होती, कारण इंग्रजीच्या सरांची जागा वर्षभर रिकामी होती. बायबलचं तिने स्वतः विचारून घेतलं होतं. बुधवार-गुरुवार ती फळ्यावर लिहायची: तीन ते साडेतीन इंग्रजी. साडेतीन ते चार बायबल. ज्याला उठायचं त्याने साडेतीनला उठावं. बरोबर साडेतीनला पंचवीसातले वीस-एकवीस उठत. ती त्यांना दारापर्यंत जाऊ द्यायची, मग वही-पुस्तकं नीट लावायची आणि उरलेल्या चौघांसाठी तेवढ्याच मोठ्याने बोलायची.

प्रार्थना ती पाठ म्हणत नसे. डोळे मिटून साध्या बोलण्यात मागायची. एकाची परीक्षा, दुसऱ्याच्या आईचं दुखणं, अमक्याला गाडी वेळेवर मिळू दे. पहिल्या वेळी ती मध्ये श्वास घ्यायला थांबली आणि खोलीतले सगळे सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा." आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावकार देवाला एकेक गोष्ट सांगतो आणि मागे उभे असलेले सगळे तसं म्हणतात. तिने डोळे उघडले. मुलांना वाटलं आता रागावणार. तिने काय म्हणालात ते विचारलं, समजून घेतलं, आणि परत डोळे मिटले. त्यानंतर तिच्या वर्गात आमेनही होतं आणि व्हय म्हाराजाही. मी शेजारच्या खोलीत पुस्तकांना नंबर चिकटवत सगळं ऐकायची.

तिची एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. पुढच्या पानांवर नुसती नावं, अनुक्रमाने. मागच्या पानांवर त्या त्या आकड्यासमोर एक ओळ, त्या माणसाचं काय मागणं आहे ती. रोज सकाळी सांतानमायच्या ओटीवर बसून ती सगळी वही देवापुढे वाचायची. ज्याने सांगितलं त्याचंच नाव, विचारल्याशिवाय कोणाचं नाही.

सतरावं नाव माझं. माझा धाकटा भाऊ काशिनाथ बाबांशी भांडून घरातून गेला त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. पत्र नाही. एकदा बोलता बोलता तिला सांगितलं. तिने विचारलं, "लिहू का नाव?" मी म्हटलं, लिहा. मग विचारलं, त्याच्यासाठी काय बोलायला लागेल? तिला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "बोलेन ना मी रोज." मीही पुढे खोलात गेले नाही. जायला हवं होतं, कारण सगळं पुढे त्याच प्रश्नावर आलं.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका गुरुवारी ती चारची गाडी धरायला धावली आणि वही माझ्या टेबलावर विसरली. मी ती रजिस्टरखाली ठेवली आणि आतल्या खोलीत पुस्तक शोधायला गेले. बाहेर आले तर सत्यवान, शेवटच्या वर्षाचा मुलगा, वही उघडून पुढच्या पानांवरची नावं कागदावर उतरवत होता. मी वही ओढून घेतली. मागची पानं त्याने पाहिली नव्हती. मनाने वाईट मुलगा नव्हता तो. उलट रुसल्यासारखा म्हणाला, "बाई, हेच्यात माझाच नाव नाय." तू साडेतीनला उठतोस, म्हणून तुझं नाव नाही, मी म्हटलं, आणि कागद मागितला. तो कागद तोपर्यंत खिशात गेला होता. दुसऱ्या दिवशी कागद चहाच्या हॉटेलात होता, आणि संध्याकाळपर्यंत गुरुदासांकडे. गुरुदास म्हणजे आमच्या संस्थेच्या कमिटीवरचे, बाजारात कापडाचं दुकान असलेले.

घाटावरच्या वाचकाला वाटेल, नावं तर नावं, त्यात काय एवढं. आमच्याकडे तसं नाही. देवापुढे नाव उच्चारायचं ते नवसासकट. काम झालं तर केळी, नारळ, कोंबडा, जे बोललो ते द्यायचं, आणि देईपर्यंत ते माणूस त्या देवाकडे बांधलेलं. वहीत माझं सोडून अडतीस मुलांची नावं, ती पाद्रिणीच्या देवापुढे रोज घातली जातात, म्हणजे अडतीस मुलं बांधली गेली, हे लोकांनी आपणहून धरलं. बाप्तिस्म्याची भीती नंतरची. पहिली भीती ही.

शनिवारी सभा ठरली. एस्तेरला निरोप एस.टी.च्या कंडक्टरबरोबर गेला आणि ती सकाळच्या गाडीने आली. उशीर नाही, सबब नाही. प्राचार्यांच्या खोलीत वीसेक पालक, गुरुदास, आणि वही माझ्याकडे होती म्हणून मी. मी ती आल्या आल्या सगळ्यांदेखत एस्तेरच्या हातात दिली, त्याचा गुरुदासांना फार राग आला.

ते कचेरीतल्या मराठीत बोलले. ही यादी कसली, म्हणून विचारलं. ती म्हणाली, प्रार्थनेची.

"प्रार्थनेची की बाप्तिस्म्याची?"

"इथे मी एकाचाही बाप्तिस्मा केलेला नाही. मला तो अधिकारही नाही. पण उद्या कोणी स्वतःच्या मनाने मागितला, तर मी त्याला अडवणार नाही. हेही ऐकून ठेवा."

खोलीत कुजबुज झाली. मला वाटलं, बाई, ते शेवटचं कशाला बोललात. नंतर मी तसं विचारलंही. ती म्हणाली, अर्धं सांगितलं असतं तर उरलेलं अर्धं खोटं झालं असतं.

गुरुदासांनी तोड काढली. वही टेबलावर ठेवा, मी मोठ्याने वाचतो, आक्षेपार्ह काही नसलं तर प्रश्न मिटला. खरं सांगायचं तर ती तोड सोपी होती. वहीत लपवण्यासारखं तिचं काहीच नव्हतं. प्राचार्यही म्हणाले, द्या बाई, संपवून टाकू.

"वही देणार नाही," एस्तेर म्हणाली. "यात माझं काही नाही. यात दुसऱ्यांचं आहे. त्यांनी ते देवाला सांगण्यासाठी माझ्याकडे दिलं, सभेला सांगण्यासाठी नाही."

मग गुरुदास माझ्याकडे वळले. दोन दिवस वही तुमच्याकडे होती, तुम्ही वाचली असेलच, तुम्ही सांगा. माझी नोकरी त्यांच्या सहीवर कायम झालेली, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी उभी राहिले.

"त्यात सतरावं नाव माझं आहे," मी म्हटलं. "मी रवळनाथाची होते, आहे आणि राहणार. वही मी उघडली नाही. आणि उघडली असती तरी सांगितली नसती."

त्यावर गुरुदास म्हणाले की बाईंचा खुलासा नंतर लेखी घेऊ. तो अजून घेतलेला नाही.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून महादू गावकार उठले. आतल्या गावचे शेतकरी, थोडे आंबे, थोडे काजू, आणि देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांची मुलगी यशोदा आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला होती. त्या गावातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. ती दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. महादू अगदी हळू बोलले, सगळ्यांना गप्प होऊन ऐकावं लागलं. मानकऱ्याचा रुबाब, मला वाटलं.

"माझ्या चेडवाचा नाव हेच्यात आसा," ते म्हणाले. "काय लिवलंस ता माका दिसाक व्हया. नाय तर आजच तेका घराक घेवन जातलंय. कॉलेज झाला तितक्या पुरे."

एस्तेरने यशोदेकडे पाहिलं. मुलीचं तोंड पांढरं पडलं होतं. वही उघडली तर यशोदा कॉलेजात राहणार, नाही उघडली तर जाणार. दुसरं कोणी असतं तर मी त्याला सांगितलं असतं, एकाच मुलीचं पान दाखवून मोकळी हो. एस्तेरने तेही केलं नाही. ती म्हणाली, "ही ओळ माझी नाही, तुमचीही नाही. यशोदेची आहे. ज्याचं नाव आहे त्याने यावं, त्याची ओळ मी त्याच्या हातात देईन. पुढे कोणाला दाखवायची ते त्याने ठरवावं. हे इथल्या सगळ्यांसाठी. पण दुसऱ्याची ओळ कोणालाही नाही. मला इथून काढलंत तरी नाही."

यशोदा आत आली. वीस बाप्ये बसलेले, त्यांच्यामधून. एस्तेरने वही त्या पानावर उघडून तिच्या हातात दिली. यशोदा वही घेऊन वडिलांपाशी गेली, वरच्या ओळींवर एक तळवा ठेवला, खालच्या ओळींवर दुसरा, आणि मधली एक ओळ त्यांच्यासमोर धरली.

महादू चौथी शिकलेले. बोट लावून वाचत गेले. बोट ओळीच्या शेवटी पोचलं तरी त्यांनी ते उचललं नाही. मग मुलीकडे पाहिलं, आणि ती वडिलांकडे न बघता तशीच तळवे दाबून उभी राहिली.

शेवटी बोट उचलून त्यांनी एस्तेरला विचारलं, "हेच्यासाठी तू काय बोललंस?"

तोच प्रश्न, जो मी विचारला होता. या वेळी मी मधे पडले. म्हटलं, नवस कोणता बोललात ते विचारतायत. काम झालं तर काय देईन म्हणून कबूल केलंत?

"काहीच नाही," एस्तेर म्हणाली. "मी कबूल काय करणार? मी नुसतं मागते. द्यायचं न द्यायचं त्याच्या हातात."

"नारळ नाय? कोंबो नाय?"

"नाही."

"चेडवाक तुझ्या देवाकडे धाडीन, असा?"

"नाही. ते माझ्या हातात नाही, आणि मी तसं बोलणारही नाही."

महादूंनी मान हलवली. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस, त्यांना त्यातलं सगळं कळत होतं. "मगे कोण बांधलेला नाय," ते म्हणाले. "वही झाक."

गुरुदास म्हणाले, तुमच्यापुरतं ठीक आहे गावकारांनू, बाकीच्यांचं काय?

"बाकीच्यांची पोरां येवंदेत आणि आपापली ओळ बघूंदेत. तिने सांगल्यान मां."

खुर्च्या कुरकुरल्या, पण आपल्या मुलाला बोलावून आणायला कोणी उठलं नाही. आपल्या पोराने घरातलं काय सांगून ठेवलं असेल, ते चारचौघांत कोणाला बघायचं होतं?

यशोदा कॉलेजात राहिली. एस्तेर मात्र राहिली नाही. कमिटीचा मान राखायला प्राचार्यांनी तिचा वर्ग बंद केला आणि कॉलेजच्या आवारात यायला मनाई केली. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, आवार म्हणजे कुठपर्यंत. प्राचार्य म्हणाले, फाटकापर्यंत.

पुढच्या बुधवारी ती नेहमीच्याच गाडीने आली. फाटकाबाहेर थांब्याच्या जांभ्याच्या बाकावर बसली, झोळीतून भाकरी काढली, खाल्ली, हात धुतले. तीन वाजता इंग्रजीचं पुस्तक उघडलं. गुरुदासांना कोणीतरी कळवलं, ते स्कूटरवरून आले. इथून उठा म्हणाले.

तिने पास दाखवला. "गाडीची वाट बघते आहे."

"कुठल्या गाडीची?"

"चारच्या."

"आता तीन वाजलेत."

"म्हणून तर बसले आहे."

आजूबाजूची मुलं हसली. पहिल्या दिवशी तिच्याजवळ सात जण होते. पुढच्या आठवड्यात सत्यवान आला आणि काही न बोलता टोकाला बसला. साडेतीनला सवयीने उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि परत बसला. थांब्यावर उठून जाणार कुठे, गाडी चारची होती. एस्तेरने त्याचीही सोय केली. साडेतीनला ती म्हणायची, आता बायबल, ज्यांना नको त्यांनी तोंड फिरवून बसावं. काही जण खरंच तोंड फिरवून बसत आणि कान तिकडेच. मी माझा साडेतीनचा चहा थर्मासमध्ये घेऊन थांब्यावर न्यायला लागले. कोणी विचारलं तर सांगायची, लायब्ररीत उकडतं.

गुरुदासांनी थांबा शंभर पावलं पुढे हलवावा म्हणून एस.टी.कडे अर्ज केला. साहेब बघून गेले. म्हणाले, पुढे उतार आहे, गाडी उभी राहणार नाही.

यशोदेच्या ओळीत काय होतं ते आम्हाला पावणेदोन वर्षांनी कळलं. गावच्या जत्रेत महादू गाऱ्हाणं घालायला उभे राहिले आणि देवाचं नाव घेऊन थांबले. मग घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं की माझो आवाज गेलो, गेल्या तीन वर्षांपासून जातोय, मी लपवलंय, आता हा मान पुतण्याचा, परशुरामाचा. सभेत ते हळू बोलत होते तो रुबाब नव्हता. यशोदेने मला ओळ सांगितली आणि लिहायलाही हो म्हणाली: बाबांचा आवाज जातो आहे. गावात कळू नये. देवळात उभं राहण्याइतका राहू दे. त्या दिवशी गुरुदासांनी वही मोठ्याने वाचली असती, तर महादूंचा मान त्यांच्याच हट्टापायी, त्यांच्याच समोर, प्राचार्यांच्या खोलीत गेला असता. तसा गेला नाही. तो त्यांनी स्वतः देवळात उभं राहून दिला. आवाज सभेनंतरच्या पहिल्या जत्रेपुरता कसा टिकला, कोणाच्या कृपेने, त्या वादात मी पडत नाही.

जत्रेनंतरच्या बुधवारी महादू थांब्यावर उतरले. हातात काजूची पुडी होती, ती बाकावर ठेवली. उभ्यानेच, जेमतेम ऐकू येईल असं एस्तेरला म्हणाले, "माझा नाव तुझ्या वहीत घालू नको. माझो देव आसा माका. पण चेडवाचा आसा ता खोडू नको."

"खोडत नाही," ती म्हणाली.

मग ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. साडेतीन वाजले. एस्तेरने नेहमीचं सांगितलं, ज्यांना नको त्यांनी तोंड फिरवून बसावं. महादूंनी तोंड फिरवलं आणि चारची गाडी येईपर्यंत सड्याकडे बघत बसून राहिले.

आता एकोणनव्वद साल आहे. यशोदा बी.ए. होऊन ओरोसला सरकारी ऑफिसात लागली. एस्तेर अजून येते, बुधवार-गुरुवार. मनाई उठलेली नाही, थांबाही हललेला नाही. वही तिसरी चालू आहे, पण प्रत्येक नवीन वहीत ती जुनी नावं उतरवून घेते आणि सतराव्या आकड्यावर मीच आहे. काशिनाथाचं पत्र आलेलं नाही. मी दर सोमवारी रवळनाथाला विचारते, ती रोज सकाळी तिच्या देवाला विचारते, आणि दोघींपैकी एकीनेही अजून माघार घेतलेली नाही.